मुलगी पुण्याला शिकायला चालली, वेगळा हेल्थ इन्शुरन्स काढावा की नको?

फोंडेकर_बाबा: मुलगी १८ची, इंजिनीअरिंगला पुण्याला चाललीय, हॉस्टेलवर राहणार. माझ्या कंपनीची ५ लाखांची ग्रुप पॉलिसी आहे त्यात आम्ही चौघं आहोत, शिवाय घरात गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं दीनदयाळ कार्ड आहे. एजंट म्हणतो तिच्या नावावर वेगळी ५ लाखांची काढा, कोटेशन सहा हजारांच्या आसपास आलंय. बायको म्हणते काढूया, मला वाटतं उगीच खर्च. तुमचं मत सांगा.

म्हापश्याचो: कशाला ओ? एजंटाला कमिशन हवंय म्हणून तो सांगणारच. दीनदयाळमध्ये चारजणांच्या कुटुंबाला ४ लाख आहेत, अगदीच मोठं काही निघालं तर गाडीत घालून बांबोळीला आणायची, गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आहे ना आपलं. ते सहा हजार तिच्या मेसला द्या.

डिचोली_गर्ल: @म्हापश्याचो डेंग्यूत प्लेटलेट २० हजारांवर आलेलं पोर तुम्ही गाडीत घालून अनमोड घाट उतरवणार काय? मी स्वतः पुण्यात शिकले, रूममेटला रात्री दोनला ॲडमिट केलं तेव्हा काउंटरवर पहिला प्रश्न, कॅशलेस (बिल थेट विमा कंपनी भरते ते) आहे का, नसेल तर डिपॉझिट भरा. आमच्याकडे मोबाईलवर तिचं ई-कार्ड होतं म्हणून निभावलं. दीनदयाळ ठराविक प्रोसिजर आणि ठराविक हॉस्पिटलांपुरतं, ते पुण्यातल्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये दाखवून काय होणार?

म्हापश्याचो: मग बापाच्या ग्रुप पॉलिसीचं कार्ड आहेच की! ते भारतभर चालतं. तुम्ही भांडताय दीनदयाळशी आणि विकत घेताय दुसरंच.

क्लेमवाला_मडगाव: म्हापशेकरांचा हा मुद्दा बरोबर, पण अर्धाच. मी क्लेमचीच कामं करतो म्हणून सांगतो, ग्रुप पॉलिसी बाबांच्या नोकरीला बांधलेली, नोकरी सुटली की कव्हर गेलं. आणि मुलं बहुतेक पॉलिसींत २५ वर्षांपर्यंतच, कमवायला लागली की त्याआधीच बाहेर. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेट करता येतं पण तेव्हा ते तब्येत बघूनच घेतात. आज वेगळी काढली तर जुन्या आजाराचं वेटिंग, म्हणजे त्यावर क्लेम मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त ३ वर्षं, म्हणजे डिग्री होईस्तोवर ते संपलेलं असेल. मुलीला दमा वगैरे काही आहे का?

फोंडेकर_बाबा: लहानपणी होता, आता पावसात कधीतरी इन्हेलर लागतो. एजंट म्हणाला लिहू नका.

क्लेमवाला_मडगाव: लिहाच! प्रीमियम थोडा वाढवतील नाहीतर वेटिंग लावतील, एवढंच. लपवलं आणि दुसऱ्या वर्षी त्याच कारणाने ॲडमिट झाली तर डॉक्टर केसपेपरवर 'लहानपणापासून दमा' लिहिणार, क्लेम तिथंच गेला. पाच वर्षं सलग भरल्यावर कंपनीला असा वाद काढता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, पण तोवर काय? आणि एजंट बदला तुम्ही.

सांखळीकर_७७: मी वेगळ्या पॉलिसीच्या विरोधात. स्वतःची फ्लोटर, म्हणजे अख्ख्या घराला मिळून एकच रक्कम असलेली पॉलिसी, काढा आणि पोरीला त्यात घाला, फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्याच्या वयावर ठरतो, त्यामुळे ती जवळजवळ फुकटात येते. नोकरी गेली तरी कव्हर राहतं. आणि वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय हेही धरा.

डिचोली_गर्ल: फ्लोटरमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी आणि पोरीचं अपेंडिक्स एकाच वर्षी आलं तर?

सांखळीकर_७७: तर १० लाखांची घ्या! जर-तरला काय अंत नाही.

क्लेमवाला_मडगाव: कुठलीही घ्या, रूम रेंटची ओळ आधी वाचा. समजा ३ लाखांच्या पॉलिसीत रूमची मर्यादा १ टक्का म्हणजे दिवसाला ३ हजार, तुम्ही ६ हजारांची रूम घेतली तर नुसता रूमचा फरक कापत नाहीत, डॉक्टर, नर्सिंग, ओटी सगळं त्याच प्रमाणात अर्धं होतं. औषधं, इम्प्लांट, टेस्ट तेवढे सुटतात. शेअरिंग रूम घेतली तर हा त्रास नाही, पण ॲडमिट होताना कोणाला भान असतं.

म्हापश्याचो: मी तरी अजून म्हणतो, आधी ग्रुप पॉलिसीचं बुकलेट एचआरकडून मागवा, कोणी वाचलेलंच नसतं. आणि पोरगी तिथं ॲक्टिव्हा चालवणार असेल तर हेल्थच्या आधी पर्सनल ॲक्सिडेंट म्हणजे अपघात विमा बघा, त्याचा प्रीमियम काहीच नाही.

फोंडेकर_बाबा: ॲक्टिव्हा नेणारच म्हणतेय. बुकलेट उद्या मागवतो. फ्लोटरचं कोटेशन दमा लिहून घेतो, मग इथंच टाकतो.