मदत हवी आहे: एसटी_कंटेन्स चौकाला 'हो' म्हणतं, तिठ्याला 'नाही'. असं का?

पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसचं नकाशांसाठीचं एक्स्टेन्शन) रस्त्यांचं जाळं एकाच मल्टीलाइनस्ट्रिंगमध्ये (अनेक रेषांचा मिळून एक आकार) साठवलं आहे. दुसऱ्या टेबलात सिग्नलचे बिंदू आहेत. कोणता सिग्नल जाळ्यावर आहे आणि कोणता नाही, एवढंच शोधायचं होतं, म्हणून पहिल्या आकारात दुसरा आहे का ते सांगणारं एसटी_कंटेन्स(जाळं, बिंदू) चालवलं. चार रस्ते मिळतात तिथले सिग्नल बरोबर सापडतात, तीन मिळतात तिथले गायब!

डेटा खराब असेल म्हणून हाताने छोटं उदाहरण केलं. (० ०) पासून निघणाऱ्या तीन रेषा: (१ ०), (-१ ०) आणि (० -१) कडे. (० ०) हा बिंदू आत आहे का विचारलं, उत्तर फॉल्स. चौथी रेषा (० १) कडे जोडली, उत्तर ट्रू. बिंदू तोच, रेषाही त्याच, फक्त एक वाढली.

आकाराची सीमा देणारं एसटी_बाउंडरी मारून पाहिलं तर दोन्ही वेळा चारच बिंदू येतात, त्यामुळे तिथेही काही फरक दिसत नाही. हा बग आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

बग नाही. बाउंडरीचे बिंदू मोजू नका, वाचा. चार रेषांच्या वेळी ती चार टोकं बाहेरची आहेत. तीन रेषांच्या वेळी बाहेरची तीन आणि चौथा बिंदू (० ०) स्वतः. आकडा जुळला हा निव्वळ योगायोग.

प्रत्येक जिऑमेट्रीचे (आकाराचे) तीन भाग धरले जातात: अंतर्भाग, सीमा आणि बाह्यभाग. बिंदूला सीमा नसते, तो सगळाच अंतर्भाग. उघड्या रेषेची सीमा म्हणजे तिची दोन टोकं, मधलं सगळं अंतर्भाग. पॉलिगॉनची सीमा म्हणजे बाहेरचं कडं आणि भोकं असतील तर त्यांची कडी. इथवर कुणाला अडचण येत नाही. मल्टीलाइनस्ट्रिंगला मात्र सम-विषमचा नियम आहे: एखादा बिंदू विषम संख्येच्या रेषांचं टोक असेल तर तो सीमेवर, सम असेल तर अंतर्भागात. तिठ्यावर तीन टोकं, म्हणून सीमा. चौकात चार, म्हणून अंतर्भाग.

आता एसटी_कंटेन्सची व्याख्या बघा. दुसऱ्या आकाराचा कुठलाही बिंदू पहिल्याच्या बाहेर नको, आणि दोघांचे अंतर्भाग निदान एका ठिकाणी तरी भेटायला हवेत. तिठ्याचा सिग्नल जाळ्याच्या फक्त सीमेला भेटतो, म्हणून दुसरी अट फसते. दोन आकारांचे कोणते भाग भेटतात ते सांगणारं एसटी_रिलेट चालवलंत तर उत्तरातलं पहिलं अक्षर तिठ्याला एफ (भेट नाही) आणि चौकाला ० (बिंदूत भेट) येईल. तो रकाना अंतर्भाग-अंतर्भागाचाच आहे.

तुम्हाला हवं आहे एसटी_कव्हर्स. त्याला सीमा चालते. बिंदूपुरतं एसटी_इंटरसेक्ट्सही तेच उत्तर देईल. माझ्या मते कंटेन्स हे नावच घात करतं; आधी कव्हर्स वापरा, अंतर्भागाची अट खरोखर हवी असेल तेव्हाच कंटेन्सकडे जा.

धागाकर्ता

कव्हर्सने तिठे आले, धन्यवाद! मग हाच नियम एकट्या रेषेलाही लागतो का? गोल फिरून परत येणारा एक रस्ता आहे, त्याच्या सुरुवातीच्या बिंदूला कंटेन्स ट्रू देतं. सरळ रस्त्याच्या सुरुवातीला फॉल्स.

प्रतिसाद १

हो. बंद रेषेत सुरुवात आणि शेवट एकच, म्हणजे दोन टोकं एका जागी, सम. सीमा रिकामी, सगळी रेषा अंतर्भाग. एसटी_बाउंडरी तिथे रिकामी जिऑमेट्री देतं.

प्रतिसाद २

दोन गोष्टी जोडतो. तुमचे सगळे चौक खरंच चार टोकांचे आहेत का ते तपासा. दोन अखंड रस्ते मध्येच एकमेकांना छेदत असतील तर तिथे टोकच नाही. कंटेन्स ट्रू देईल, पण आकार 'साधा' आहे का ते सांगणारं एसटी_इजसिंपल फॉल्स येईल, कारण साध्या मल्टीलाइनस्ट्रिंगमधल्या रेषांनी फक्त टोकाला टोक भेटायचं असतं. पुढे मार्ग शोधायचे असतील तर आधी एसटी_नोडने रेषा छेदबिंदूंवर तोडून घ्या.

दुसरं, सिग्नल रस्त्याच्या मध्यावर असेल तर कव्हर्सवरही विसंबू नका. दशांशातल्या गोळाबेरजेमुळे डोळ्यांना रेषेवर दिसणारा बिंदू किंचित बाजूला असतो. अगदी एसटी_लाइनइंटरपोलेटपॉइंटने त्याच रेषेवरून काढलेला बिंदूसुद्धा इंटरसेक्ट्समध्ये नापास होऊ शकतो. तिथे एसटी_डीविदिन (दोन आकार दिलेल्या अंतराच्या आत आहेत का) आणि थोडी सूट. ते स्पेशियल इंडेक्सही (जागेनुसार शोध वेगवान करणारी सूची) वापरतं.

सूट देताना एसआरआयडी (निर्देशांक कोणत्या पद्धतीत आहेत ते सांगणारा क्रमांक) बघा. जिऑमेट्री टाइप आणि ४३२६ (अक्षांश-रेखांश) असेल तर अंतर अंशांत धरलं जातं. अर्धा मीटर म्हणून ०.५ लिहिलंत तर उत्तर-दक्षिण सुमारे ५५ किलोमीटरची सूट होईल. जिऑग्राफीत (पृथ्वीच्या गोलावर मीटरमध्ये मोजणारा टाइप) कास्ट करा, किंवा मीटरवाल्या प्रोजेक्शनमध्ये एसटी_ट्रान्सफॉर्म करा. एसटी_सेटएसआरआयडी नको, ते फक्त लेबल बदलतं, आकडे तसेच राहतात.

धागाकर्ता

एसआरआयडी ४३२६च आहे. इजसिंपल फॉल्स आलं, म्हणजे काही चौक अखंड रस्त्यांचे आहेत. आधी एसटी_नोड चालवतो, मग जिऑग्राफीवर डीविदिन.