निर्दोष सुटलेल्याला सरकारने भरपाई द्यावी का?

वाशीमकर : भोकरदनचं प्रकरण आठवतं का? २००३चा दरोडा आणि खून. बुलडाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातलं. भटक्या जमातीतले सहाजण पकडले. २००९ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली आणि २०१९ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते, त्यांच्यावर खटलाच चालला नाही! सरकारने प्रत्येकी ५ लाख द्यावेत, असा आदेश झाला, पण तो त्या न्यायालयाचा चांगुलपणा. भरपाईचा कायदा नाही. विधी आयोगाने २०१८मध्ये २७७व्या अहवालात तो सुचवला होता. कायदा हवाच, असं माझं मत. आपल्याकडे कुठं चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर जाते, हे कोणाला नवं आहे?

धुरेवाला : भाऊ, आमच्याकडे धुऱ्यावरून, म्हंजे वावराच्या बांधावरून, मुडदा पडते तं अख्ख्या गावाले माहीत रायते कोनं केलं. कोर्टात साक्षीदार म्हनते, "म्या तं वावरात होतो, मले काई दिसलं नाई." आरोपी सुटते, गुलाल उधळते. त्यालेही सरकारनं पैसे द्याचे काय? आन् ते मेलेल्याच्या बायकोनं पाहाचे?

वाशीमकर : सुटलेल्या प्रत्येकाला नाही हो. आयोगाने दुष्ट हेतूने किंवा सद्भावना सोडून चालवलेल्या खटल्यांपुरतंच म्हटलंय. साक्षीदार फितूर झाला म्हणून सुटलेला त्यात बसत नाही.

माजी जमादार : बसवायला वकील आहेत ना. घरात बसून लिहिणं सोपं आहे. ठाणेदाराच्या हाताखाली इतकी गावं, त्यात सणाचा बंदोबस्त, मंत्र्याचा दौरा. ९० दिवसांत दोषारोपपत्र नाही गेलं तर खुनाच्या आरोपीलाही जामीन मिळतो. व्हिसेराचा, म्हणजे मृताच्या अवयवांच्या तपासणीचा, अहवाल वेळेवर येत नाही. पंच व्हायला कोणी तयार नसतो, कोर्टाच्या तारखा कोण खाणार? मग ठाण्याजवळच्या चहावाल्यालाच बोलवावं लागतं. भरपाई अधिकाऱ्याच्या पगारातून कापाल तर उद्या कोणी तपासच घेणार नाही. १ जुलै २०२४पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकचा माणूस घटनास्थळी न्यायचा आहे. ते नीट होऊ द्या आधी.

कोर्टातली : जमादारसाहेब, तो चहावालाच तर अडचण आहे. एकच पंच चार खटल्यांत, मेमोरंडमची, म्हणजे आरोपीने वस्तू काढून देतो म्हणून दिलेल्या निवेदनाची, वाक्यं शब्दाला शब्द सारखी. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, पण "आरोपीने काढून दिली" म्हटलं की कुऱ्हाड पुराव्यात येते, आणि अर्धा खटला त्या कुऱ्हाडीवर उभा राहतो. चित्रीकरण सुरू व्हायच्या आधी ती तणसात कोणी ठेवली, हे कॅमेरा सांगणार आहे का? आरोपी सुटला की प्रत्येक वेळी तपासातली चूक शोधा, चुकणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये किशनभाई प्रकरणात बजावलंय. माझ्या वकिलीत तरी अशी कारवाई झालेली पाहिली नाही. तोवर आरोपीचं वावर गहाण पडलेलं असतं.

पांदणवाट : माझ्या चुलतभावाचा खून झाला, आरोपी सुटले. त्यामुळे भरपाईचं ऐकलं की डोकं फिरतं, खरं सांगते. पण भोकरदनबद्दल मी वेगळंच विचारीन. फोटोत ओळखलेल्या त्या चौघांचं काय झालं? चुकीची माणसं आत गेली त्यात ज्या घरात खून झाले त्या घरालाही न्याय मिळाला नाही. दोन्ही घरांना द्या, अधिकाऱ्याचा पगार राहू द्या बाजूला.

धुरेवाला : ताई, हे पटते. पन साक्षीदाराचं काय? २०१८ले कोर्टानं साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली म्हनते. आमच्या गावात तं कोनाले ठाऊक नाई. साक्ष देनाऱ्याले त्याच पांदणीनं वावरात जा लागते.

माजी जमादार : अर्ज करावा लागतो त्यासाठी. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे.

धुरेवाला : आन् अर्ज केला हे गावाले कळालं तं?