शाळेपासून ५०० फूट

विषय: तंबाखूचा परवाना – मंडळाने पत्र द्यावं ही विनंती

नमस्कार मंडळी,

गणपतीत ज्यांची भेट झाली त्यांना माहीत आहे, आम्ही उत्तर फिलाडेल्फियात एक कोपऱ्यावरचं दुकान घेतोय. सौदा ठरला, इसार दिला. जुने मालक १८ वर्षं तिथे सिगरेट विकतायत. दलाल म्हणाला होता, चालू धंदा आहे, सगळं जसंच्या तसं तुमच्या हातात येईल. आता चौकशी केली तर कळलं की तंबाखूविक्रीचा परवाना दुकानाबरोबर येतच नाही. मालक बदलला की नवा अर्ज करायचा, आणि नव्या अर्जाला २०१७ पासूनचे नियम लागतात. आमच्यापासून शाळा ५०० फुटांच्या आत. शिवाय त्या विभागाचा कोटाही भरलेला.

पलीकडच्या चौकातला दुकानदार मात्र बिनधास्त विकतोय. त्याला चालतं, मग आम्हाला का नाही? सिगरेट घ्यायला आलेला माणूस दूध, पाव, लॉटरीचं तिकीटही घेऊन जातो. ते गिऱ्हाईक गेलं तर महिन्याचं गणितच बसत नाही. मंडळाने आपल्या भागाच्या नगरसेवकांना एक पत्र द्यावं, एवढीच विनंती. आपल्यातले बरेच जण या धंद्यात आहेत, म्हणून इथे लिहितोय.

---

उत्तर: तंबाखूचा परवाना

दादा,

इसार अडकला की झोप उडते, म्हणून आधी कामाचं सांगते. 'परवाना मिळाला तरच सौदा पुरा' अशी अट करारात आहे का, ते वकिलाला दाखवून घ्या. दलालाने हे आधी सांगायलाच हवं होतं.

पण मंडळाने पत्र द्यायला माझा विरोध आहे. मी ११ वर्षं इथल्या एका रुग्णालयात श्वसनविकार विभागात काम करते. तुमचं दुकान आहे त्याच भागातून एक आजोबा येतात, पूर्वी बस चालवायचे. आता ऑक्सिजनची नळी लावून बसतात. तीनदा सिगरेट सोडली, तीनदा परत लागली. एकदा त्यांनी बोटांवर मोजून मला दाखवलं: घरापासून बसस्टॉपपर्यंत सिगरेट मिळणारी चार दुकानं. म्हणजे रोज जाताना चारदा आणि येताना चारदा स्वतःला 'नाही' म्हणायचं. चेस्टनट हिलसारख्या इथल्या श्रीमंत वस्तीत राहणाऱ्या माणसाला हे करावं लागत नाही. शहर एकच आणि कायदाही एकच, पण गरीब वस्तीत माणशी दुकानं जास्त आणि शाळेला खेटून. हे आपोआप झालेलं नाही. १९८९ च्या अखेरीस आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने 'अपटाउन' नावाची मेंथॉल सिगरेट खास कृष्णवर्णीयांना विकायचं ठरवलं, तेव्हा चाचणीसाठी निवडलं होतं ते आपलंच फिलाडेल्फिया. इथली चर्चेस, डॉक्टर, वस्तीतल्या संघटना एकत्र आल्या, तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री लुईस सलिव्हन इथे येऊन जाहीरपणे बोलले, आणि विक्री सुरू व्हायच्या आधीच कंपनीला माघार घ्यावी लागली. ती सिगरेट आली नाही. दुकानं मात्र तशीच राहिली.

म्हणून हा नियम आला. शहराचे १८ नियोजन विभाग आहेत. प्रत्येक विभागात दर १००० लोकांमागे १ परवाना (लोकसंख्या मोजताना दिवसा कामाला येणारेही धरतात), आणि शाळेपासून ५०० फुटांत नवा परवाना नाही. ज्यांच्याकडे आधीचा होता त्यांचा कुणी काढून घेतला नाही. वेळेवर नूतनीकरण केलं की तो चालू राहतो. पलीकडच्या चौकातला विकतो तो त्यामुळे. जुना मालक बाजूला झाला की ती एक जागा कमी होते, कुणाचा चालता धंदा न मोडता. पहिल्या तीन वर्षांत लोकसंख्येच्या मानाने विक्रीची ठिकाणं सुमारे २० टक्क्यांनी घटली, गरीब विभागांत त्याहून जास्त. सॅन फ्रान्सिस्कोने ११ही विभागांना सरसकट ४५ परवान्यांची मर्यादा घातली, न्यूयॉर्कने प्रत्येक विभागाचा आकडा निम्म्यावर आणायचं ठरवलं. पद्धत तीच, हळूहळू कमी करत जायचं. तुमच्यासारख्या प्रत्येक सौद्यात सूट दिली तर यातलं काहीच उरत नाही.

आपल्याकडे भारतात २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे. तरी माझ्या भाच्याच्या शाळेच्या फाटकासमोर टपरी आहे आणि गोळ्यांच्या बरण्यांच्या वर पुड्यांच्या माळा लटकतात. मागच्या डिसेंबरात मी स्वतः पाहिल्या. तो कायदा अंतर सांगतो, एका वस्तीत किती दुकानं असावीत हे सांगत नाही. इथे दोन्ही आहे, आणि ते पाळलंही जातंय. त्याविरुद्ध आपल्या मंडळाचं नाव नको, असं मला मनापासून वाटतं.

---

उत्तर: तंबाखूचा परवाना

दोघांनाही नमस्कार. मी २५ वर्षं दुकान चालवून आता निवृत्त झालोय. ताईंचं म्हणणं मला पटतं, पण दादाच्या पोटापाण्याचाही प्रश्न आहे. जुन्या मालकाने किंमत लावली ती सिगरेटचा गल्ला धरून. तो गल्ला विकणं त्याच्या हातातच नव्हतं, म्हणजे तेवढे पैसे कमी व्हायला हवेत. मागच्या दोन वर्षांची खरेदीची बिलं मागून घ्या. सिगरेटमध्ये नफा फार नसतो, गिऱ्हाईक दारात येतं एवढंच. माझ्याकडे सकाळची कॉफी आणि अंड्याचं सँडविच सुरू केल्यावर शाळेतले शिक्षकसुद्धा यायला लागले. शनिवारी मी मोकळा आहे, हवं तर दुकान बघायला येतो.

---

उत्तर: तंबाखूचा परवाना

काका, शनिवारी नक्की या. बिलं मागवली आहेत.

ताई, करारात ती अट नाही, वकिलाने काल सांगितलं. तरी सोमवारी मालकांशी किंमतीचं बोलतोय. काल शाळा सुटायच्या वेळी मी दुकानाबाहेर उभा होतो. दहा मिनिटांत तीसेक मुलं आत आली, चिप्स घेऊन गेली. गल्ल्यामागे छतापर्यंत सिगरेटची पाकिटं, आणि लहानगी पोरं पैसे देताना मान वर करून तिकडेच बघत होती. माझी मुलगी त्याच वयाची आहे.

पत्राची विनंती मी मागे घेतो.