घासण्याआधी रंग तपासा

येत्या शनिवारी सगळे मित्र मिळून तुमच्या ऑस्ट्रेलियातल्या जुन्या लाकडी घराच्या बाहेरच्या फळ्यांचा रंग घासणार, असं तुम्ही लिहिलंय. कळकळीने सांगतो, आधी त्या रंगात शिसं, म्हणजे विषारी धातू, आहे का ते तपासून घ्या. ऑस्ट्रेलियात १९७० पूर्वीच्या घरांत ते असण्याची दाट शक्यता असते. कोरडं घासू नका, पाणी मारत घासा, खाली प्लास्टिक अंथरा आणि मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

मेलबर्नमधलं आमचं घरही असंच, फळ्यांचं. सासरे साताऱ्याहून आले होते, ते एकेक फळी स्क्रूड्रायव्हरने टोचत गेले. बाथरूमच्या खिडकीखाली टोक लोण्यात शिरावं तसं आत गेलं. फळी आतून कुजलेली, वरून रंग मात्र अगदी धड! मेव्हणा आणि दोन मित्रांनी मिळून तिथल्या तीन फळ्या बदलल्या. नव्या फळीच्या कापलेल्या टोकांना बसवण्याआधी प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) लावाच, पाणी तिथूनच शिरतं.

आणि हो, घरातली जमीन कललेली असेल तर घर ज्यांवर उभं असतं ते खालचे खुंट आधी बदला. त्यासाठी घर उचललं की आतल्या प्लास्टरला तडे जातात, रंगकाम त्यानंतरच. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.