मदत हवी आहे: मुलींसाठी घरचे बाथ बॉम्ब, पण साच्यातच फुगतात

नमस्कार ताई-दादांनो, नागपूरहून लिहितेय. माझ्या लेकीचा सातवा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे. येणाऱ्या मुलांना प्लॅस्टिकची खेळणी देण्याऐवजी घरी केलेले बाथ बॉम्ब (आंघोळीच्या पाण्यात टाकले की फसफसत विरघळणारे गोळे) द्यायचे ठरवलेय.

इतवारीतून सामान आणलं. दोन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी लिंबूफूल, अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर, दोन चमचे खोबरेल तेल. रंगासाठी चिमूटभर हळद आणि सुवासाला वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड, कारण आपल्या नागपुरात ती घरोघरी असतेच. साचा मोदकाचा.

पाणी शिंपडलं की मिश्रण तिथेच फसफसतं. सोडा आणि लिंबूफूल ओल लागताच कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे कळतं. म्हणून दुसऱ्या खेपेला पाणी अजिबात घातलं नाही, तर सगळं भुगा होऊन पडलं. त्यात सध्या पाऊस, हवा दमट. उन्हाळ्यात केले असते तर एका दुपारीत खडखडीत वाळले असते!

पाण्याऐवजी काय वापरता? पंख्याखाली किती वेळ ठेवता? आमच्याकडे टब नाही, बादलीतच आंघोळ, तर केवढे करावेत?

सगळ्यात मोठी काळजी त्वचेची. एका पाहुण्या मुलीला एक्झिमा आहे. तिच्या आईला विचारणारच आहे, पण तिला दुसरंच काही द्यावं का? हळदीने टॉवेल पिवळे होतील का, तेही सांगा. शनिवारपर्यंत उत्तर मिळालं तर फार बरं होईल.