रेसच्या घोड्याची उरलेली वीस वर्षं कोणी सांभाळायची?

(नागपूरकरांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

फुटाळ्याकाठचा

नागपुरात रेसकोर्स नाही, मग हा विषय इथे कशाला, असं कोणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. रेसमधून निघालेला घोडा रेसकोर्सच्या गावात थांबत नाही. तो विकला जातो, पुन्हा विकला जातो, आणि शेवटी कोणाच्या दावणीला बांधला गेला हे पहिल्या मालकाला ठाऊकही नसतं.

थरोब्रेड, म्हणजे रेससाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा, नीट सांभाळला तर पंचवीस वर्षं सहज जगतो. इंग्लंडचा रेड रम १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा ग्रँड नॅशनल ही मोठी रेस जिंकला आणि १९९५ साली वयाच्या तिसाव्या वर्षी गेला. पण पळण्याचं वय केवढं? दुसऱ्या वर्षी पाठीवर जॉकी बसतो. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची मोठी रेस, इंडियन डर्बी, असते चार वर्षांच्या घोड्यांची. सहा-सात वर्षांचा झाला की बहुतेकांचं पळणं संपतं. मोजके नामांकित घोडे पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. बाकीच्यांचं काय?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. शिंगरू जन्मल्यावर नोंदणी होते, तेव्हापासूनच त्याच्या म्हातारपणाचे पैसे बाजूला पडले पाहिजेत. प्रत्येक बक्षिसातून आणि बेटिंगच्या प्रत्येक तिकिटातून सक्तीची कपात हवी. ज्या क्लबला हे जमत नाही त्याने रेस घेऊ नये.

टर्फ आणि टाप

दादा, तळमळ समजते, पण सक्तीला माझा विरोध आहे. रेसच्या घोड्याला मिळतं ते खाणं, तो डॉक्टर, तो साईस (घोड्याची निगा राखणारा) देशातल्या किती घोड्यांना मिळतो? मालक म्हणजे सगळे शेठच असतात असंही नाही, चौघं-पाच जण मिळून एक घोडा घेतात. बेटिंगवर आधी २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. त्यावर आणखी कपात लावली तर क्लब बंद पडतील. मग साईस, जॉकी, नालबंद यांची पोटं कोण भरणार?

आणि निघालेले घोडे रायडिंग स्कूलमध्ये जातात, पोलोला जातात. रेसचे घोडे नागपुरात वरातीला जुंपले जातात असं कोणाला वाटत असेल, तर आपल्याकडे वरातीत दिसणाऱ्या घोड्या बहुतेक मारवाडी-काठेवाडी असतात. लग्नाला पांढरी घोडी लागते, आणि थरोब्रेड बहुतेक कुमैत (तपकिरी, काळ्या आयाळीचे) नाहीतर सुरंग (तांबूस). नागपूरच्या वरातीचं पाप रेसच्या माथी मारू नका.

जनावरांचा दवाखाना

सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो, म्हणून चार शब्द. वरातीचं तुमचं बरोबर आहे, पण रेसचे घोडे नागपूरकडे येतच नाहीत असं त्यावरून ठरत नाही.

माझ्याकडे एक कुमैत घोडा आणला होता, "लहान आहे, सहा वर्षांचा" असं सांगून. वरचा ओठ उचलून कोपऱ्यातला दात पाहिला. त्या दातावर एक उभी खाच उमटते. साधारण दहाव्या वर्षी ती हिरडीजवळ दिसू लागते, पंधराव्याला अर्ध्यावर येते, विसाव्याला टोक गाठते. याची अर्ध्याच्याही खाली उतरली होती. पुढच्या डाव्या पायात, नळीच्या हाडामागची कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) धनुष्यासारखी बाहेर फुगलेली. भरधाव पळण्यात कंडरा फाटून बरी झाली की असा फुगवटा राहतो. समोरच्या दातांच्या कडा झिजलेल्या, कारण त्याला कठडा दातात धरून हवा गिळायची सवय होती. दिवसातले बावीस-तेवीस तास तबेल्यात आणि चाऱ्यापेक्षा दाणा जास्त, त्यातून ही सवय लागते. जठरात व्रण होतात ते वेगळेच. टर्फभाऊ, ज्या खाण्याचं तुम्ही कौतुक करता त्याची ही दुसरी बाजू.

मालक वाईट माणूस नव्हता, त्याला परवडत नव्हतं. पाचशे किलोच्या जनावराला रोज आठ-दहा किलो सुका चारा-दाणा लागतो, आपल्या मे महिन्यात पन्नास लिटरच्या वर पाणी लागतं, दीड-दोन महिन्यांनी खूर साळावे लागतात. तो बिचारा कुटारावर (मळणीनंतरच्या भुश्शावर) भागवत होता. एकाएकी खाणं बदललं की पोटात शूळ उठतो, आणि घोड्याचा शूळ कित्येकदा जीव घेऊनच जातो.

पटाची जोडी

राजेहो, फंडानं काई होत नाई, जीव लागला पायजे. आमच्याकडं शंकरपटाचा, म्हंजे शर्यतीचा, बैल म्हातारा झाला तरी पोळ्याले त्याचे शिंगं रंगवतेत, झूल घालतेत. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये शर्यतीचा कायदा कायम ठेवला तो काई उगाच नाई. घरच्या जनावराले कोणी टाकून देत नाई.

महालातली

भाऊ, तुमच्या घरी होत असेल, आनंद आहे. पण पोळ्याला सजलेली प्रत्येक जोडी मरेपर्यंत त्याच गोठ्यात राहते का? बैलबाजारात म्हातारे बैल मीही पाहिले आहेत. आणि घोड्याचा मालक शहरात, घोडा ट्रेनरच्या तबेल्यात, जीव लागणार कधी? फर्डिनांड नावाचा घोडा १९८६ ची अमेरिकेतली केंटकी डर्बी जिंकला, पुढे पैदाशीसाठी जपानला विकला गेला आणि २००२ साली तिथे कत्तलखान्यात संपला. डर्बी जिंकलेल्याची ही गत, तर हरलेल्यांचं कोण विचारतं? मी तर म्हणते, रेसच बंद करा.

फुटाळ्याकाठचा

ताई, उद्या रेस बंद केली तर तबेल्यात आज उभे आहेत ते घोडे सगळ्यात आधी रस्त्यावर येतील. ब्रिटनमध्ये २००० साली रेस उद्योगानेच निवृत्त घोड्यांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी संस्था काढली. आपल्याकडे किमान एवढं तरी व्हावं: रेसच्या घोड्याच्या प्रत्येक विक्रीची नोंद तो मरेपर्यंत, मग तो नागपूरला येवो की आणखी कुठे. आणि घेणाऱ्याला खाण्यापिण्याची माहिती लेखी, मराठीत.

टर्फ आणि टाप

नोंदीला माझा पूर्ण पाठिंबा, त्यात कोणाचं दिवाळं निघत नाही. पुनर्प्रशिक्षणही हवंच, कारण नुसता फंड काढला तर पैसा पांजरपोळात जाईल, आणि तिथे गाईंच्या रांगेत थरोब्रेड टिकत नाही. कापायचंच असेल तर बक्षिसाच्या रकमेतून कापा, मालक म्हणून मी देईन. तिकिटाला मात्र हात लावू नका. ४० टक्क्यांवर आणखी चढवलं की लोक बेकायदा बुकीकडे जातील, आणि तिथून घोड्याच्या चाऱ्याला एक पैसाही येणार नाही.