पोरांनीच पोरांचं ऐकून भरपाई ठरवायची: कोल्हापुरात जमेल का?

पंचगंगाकाठ
अमेरिकेत 'टीन कोर्ट' असतं. पहिल्यांदाच किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाचं म्हणणं त्याच्याच वयाची मुलं ऐकतात आणि भरपाई ठरवतात. आमच्या पेठेतल्या तीन तालमी आणि एक हायस्कूल मिळून तसं काही सुरू करावं म्हणतोय. दुकानातली चोरी, काचा फोडणं, शाळेबाहेरची हाणामारी, एवढंच. कायद्यात बसतं का? 'बाल न्यायालय' असा बोर्ड लावला तर?

कोर्टगल्ली
बोर्ड अजिबात नको. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात 'बाल न्यायालय' म्हणजे सत्र न्यायालयाच्या दर्जाचं कोर्ट. उद्या कुणी चुकून समन्स घेऊन यायचा तुमच्या तालमीत! साधं 'मुलांचा गट' म्हणा.

अशा किरकोळ गुन्ह्यांत दोष ठरवायचा अधिकार फक्त बाल न्याय मंडळाला: एक न्यायदंडाधिकारी, दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक महिला. तुम्हाला दोनच वाटा आहेत. तक्रार पोलिसांत गेलेलीच नाही आणि दुकानदार, पालक, मुलगा तिघेही राजी आहेत, ही एक. दुसरी, मंडळानं कलम १८ खाली समज, गट समुपदेशन किंवा समाजसेवेचा आदेश दिला आणि त्यातलं काम देखरेखीसह तुमच्याकडे आलं. तक्रार नोंदल्यावर परस्पर मिटवामिटवी करू नका, जे ठरलं ते मंडळासमोर सांगा.

एफआयआरच्या भीतीनं घाई नको. २०१६ च्या नमुना नियमांप्रमाणे गुन्हा निर्घृण नसेल आणि सोबत सज्ञान माणूस नसेल, तर मुलावर एफआयआर होत नाही. ठाणे दैनंदिनीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमी अहवाल, एवढंच. पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं, काही कानावर आलं तर मात्र गट बसवूच नका, कळवणं बंधनकारक आहे.

राजारामपुरी_समुपदेशन
अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मुलानं चूक आधीच कबूल केलेली असते, चर्चा फक्त भरपाईची. ही अट सोडलीत की गटातली पोरं वकिली करायला लागतात आणि समोरचा खोटं बोलायला शिकतो.

गट ५ जणांचा, मुलाच्या शाळेतले किंवा गल्लीतले कुणी नकोत. एक प्रशिक्षित मोठा माणूस बाजूला बसावा, त्यानं निकाल द्यायचा नाही, फक्त वाहवत गेलं की थांबवायचं. आदल्या आठवड्यात मुलाला आणि ज्याचं नुकसान झालं त्याला वेगवेगळं भेटा. बैठक ४५ मिनिटांची. 'का केलंस?' यानं सुरुवात केलीत तर मूल मान खाली घालून गप्प बसतं. 'काय झालं, तेव्हा डोक्यात काय होतं, कुणाला त्रास झाला, आता काय करता येईल' असं विचारा.

शिक्षेवर मर्यादा आधीच लिहून ठेवा, कारण पोरं मोठ्यांपेक्षा कडक निघू शकतात. १० ते २० तास, सहा आठवड्यांत संपेल असंच. काम चुकीशी जोडलेलं हवं: काच फोडली तर काचेच्या पैशातला वाटा आणि त्याच दुकानात आवराआवर. रंकाळ्यावर झाडू दिला तर लोक बघणार, ते टाळा. नियमांतली समाजसेवा १४ वर्षांवरच्यांसाठीच आहे. उठाबशा, मैदानाला फेऱ्या हे तर नाहीच.

एक चांगली गोष्ट तिकडून उचलण्यासारखी: काम पुरं केलेल्या मुलाला पुढच्या गटात बसवतात.

तालीमवाला
खरी भीती मोबाईलची. माफीचं रील काढून स्टेटसला टाकायची खाज आपल्याकडं लई आहे. कायद्यापुढं आलेल्या मुलाचं नाव, शाळा, फोटो उघड केला तर कलम ७४: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फोन दारातच जमा करा, नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिहा. आणि पेठेतल्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाला आत घेऊ नका. तो दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सांगतोच.

कोर्टगल्ली
सहमत. याचा उपयोग होतो का विचाराल, तर २००२ च्या अमेरिकी अभ्यासात अलास्का आणि मिझुरीत या मुलांनी पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण स्पष्ट कमी दिसलं, मेरीलँडमध्ये नाही. म्हणजे चालवता कसं, यावर बरंच अवलंबून.

पंचगंगाकाठ
आभार. बिनलायसन्स गाडी उडवणारी पोरं घेऊ का?

कोर्टगल्ली
ती घेऊन फायदा थोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ मध्ये पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, पोराला २५ वर्षं पुरी होईपर्यंत लायसन्स नाही. त्यांच्या आईबापांना आधी बोलवा.